गाडी त्यानंच आणून द्यायची

सेवाग्राम,
६ ऑक्टोबर २०२४

ती. मामाजी यांस साष्टांग नमस्कार.

मामीची तेरवी आटोपून आम्ही परत आलो, पण तेव्हापासून तुमचा फोन बंदच लागतो. शेजारच्या मीराबाईंना लावला तर त्या म्हणाल्या, "त्याईनं फोन अलमारीत ठेवून देल्ला. रिंग वाजली की दचकते ते." मग म्हटलं, लिहावं. पत्र तरी तुम्ही वाचाल.

मी ड्युटीवर जायला लागले. लॅबमध्ये पेशंटचं रक्त काढताना हात आपले चालतात, डोकं मात्र खरांगण्याच्या पुढच्या त्या वळणावरच आहे. "लीलाची तब्येत बिघडली, निघ," एवढंच तुम्ही फोनवर बोललात आणि साकेत आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. खरांगणा सोडलं आणि गिअरच पडेना. इंजिन चालू, पण गाडी जागची हलत नव्हती. साकेत बोनेट उघडून उभे आणि मी रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत उभी. फोनला रेंज नाही. शेवटी एका मेटाडोरवाल्यानं आर्वीपर्यंत आणलं, तिथून एसटी. मी पोचले तेव्हा तुमच्या अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती.

मामाजी, गाडी अचानक बिघडली नव्हती. गिअर टाकताना झटका बसतो म्हणून पोळ्याच्या आधीच मी ती मोहनदीप मोटर्समध्ये नेली होती. ज्यांच्याकडून घेतली तेच ते. त्यांचा माणूस म्हणाला, "काही नाही मॅडम, चालवत राहा." आता टोचन करून तिथे नेली तर म्हणतात, गिअरबॉक्स गेला, आणि तुमची वाढीव वॉरंटी बाद, कारण एक सर्व्हिस उशिरा झाली. ती वाढीव वॉरंटी आम्ही गाडी घेतानाच पैसे भरून घेतली होती. मूळची संपली तरी पुढची दोन वर्षं काळजी नाही, असं तेव्हा सांगितलं होतं.

मी तिथे ज्या आवाजात बोलले तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. साकेतनी हाताला धरून बाहेर आणलं. पण मी सोडणार नाही. आई गेल्यावर मामीनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, आणि तिच्या शेवटच्या वेळी मी कुठे होते? रस्त्यावर. हे कोणामुळे, ते मला त्यांना दाखवून द्यायचं आहे.

जेवण वेळेवर करा.

तुमची,
नमी


कारंजा (घाडगे),
१५ ऑक्टोबर २०२४

चि. नमी, अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. तू जिवाले लावून घेऊ नको. लीला झोपेतच गेली. तिले काही समजलं नाई. तू टायमावर पोचली असती तरी ती बोलली नसती. हे ध्यानात ठेव अन् नीट जेवत जाजो.

गाडी लोखंडाची हाय, बिघडतेच. जावईबापूले म्हणा, दुसऱ्या मिस्त्रीले दाखवा. शोरूमवाल्याच्या नादी लागून तुह्या जिवाची खराबी होईल, त्याचं काही जाणार नाई.

संत्रा यंदा बरा हाय. व्यापारी येऊन पाहून गेले. मीराबाई दोन्ही वख्ताची भाकर पाठवते. मी नाई म्हणतो, ते ऐकत नाई.

दिवाळीले येजो. अंगणात दिवे लावाले कोणी नाई.

तुह्या मामा,
वासुदेव


सेवाग्राम,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजी,

दिवाळीत तुम्ही फार कमी बोललात. मी गाडीचा विषय काढला की उठून बागेत जायचात. तुमचा स्वभाव शांत आहे, माझा नाही. म्हणून पुढचं सगळं लिहूनच सांगते.

मी गाडीच्या कंपनीला पुण्याला तक्रार पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं. माझ्या नावावर वाढीव वॉरंटी कधी नोंदवलेलीच नाही. सर्व्हिस उशिरा झाली, म्हणून बाद झाली, हे सगळं बनवलेलं. आम्ही भरलेले पैसे कंपनीपर्यंत गेलेच नाहीत. म्हणूनच पोळ्याच्या आधी "चालवत राहा" म्हणाले. गिअरबॉक्स उघडला असता तर खर्च त्यांच्या अंगावर आला असता.

ते पत्र घेऊन मी मालकाच्या केबिनमध्ये गेले. रजतशेठ नाव. माझ्यापेक्षा लहानच असेल. वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या सेल्सच्या पोरीनं खाल्ले तुमचे पैसे. काजल. आम्ही तिला काढून टाकलं. आमची पण फसवणूकच झाली ना."

"मग माझी गाडी?"

"तिच्याकडून वसूल करा."

मी म्हटलं, "तुमच्या माणसानं गाडी तपासली असती तर मला माझ्या मामीचं तोंड बघायला मिळालं असतं."

"सॉरी मॅडम," म्हणाला, आणि त्याच श्वासात काचेबाहेर बघून कोणाला तरी ओरडला की ती लाल गाडी समोर घ्या.

काजल मला चांगली आठवते. गाडी घेतली त्या दिवशी तिनंच नारळ दिला होता, आमचा फोटो काढला होता. मी सिंदी रेल्वेची, वडील जिनिंगमध्ये आहेत, असं आपणहून सांगत होती. मी तिला पेढा भरवला होता. आज तिच्याबद्दल मनात जे येतं ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. वकील केली आहे, शरयू मॅडम म्हणून. त्या म्हणतात, ग्राहक आयोगात शेठवर केस टाकू आणि पोरीवर पोलिसात. मी म्हटलं, दोन्ही टाका.

तुमची,
नमी


कारंजा (घाडगे),
१० डिसेंबर २०२४

चि. नमी,

पोलिसात जाऊ नको. थांब.

मी सिंदीले गेलतो. तुले न विचारता गेलतो, राग मानू नको. घरी बसून तरी काय करून राह्यलो होतो. नागपूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वे. स्टेशनच्या मागं जिनिंगवाल्याईची वस्ती हाय, तिथं विचारलं तर घर सापडलं.

तिच्या मायनं दार उघडलं. मले पाहून तिले वाटलं, मी पोलिसाचा माणूस. म्हणे, "काजल घरी नाई." आतून पोरगी म्हणे, "आहे मी. येऊ दे त्याईले." 

मी तुह्यं नाव सांगितलं. ते खाली बसली. म्हणे, "काका, मॅडमनं मले पेढा भरवला होता. मी त्याईचे पैसे खाईन काय?" मग सगळं सांगितलं. वॉरंटीचे पैसे नगदी घ्यायचे, शोरूमनंच छापलेलं कार्ड द्यायचं, हे शेठनं सगळ्या पोरापोरीले शिकवलं होतं. पैसे रोज सांजेले शेठच्या टेबलावर. गाड्या नव्या असतात, दोन-तीन वर्षं कोणाची बिघडत नाई, अन् बिघडली तर सर्व्हिसचं निमित्त काढायचं. तुह्यी तक्रार कंपनीत गेली तसं शेठनं हिले बोलावलं. म्हणे, तू राजीनामा दे, नाई तर चोरीची केस टाकतो. राजीनामा लिहून घेतला अन् दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफले सांगितलं की चोर पकडली. तिचं लग्न जमलं होतं पुलगावले. पोरावाले आले अन् मोडून गेले.

मी विचारलं, "तू हे आयोगात सांगशील का?"

पोरगी रडल असं मले वाटलं होतं. नाई रडली. म्हणे, "काका, मी तेवढ्यासाठीच जेवून राह्यली."

तिचा नंबर खाली देल्ला हाय. तिले लाव, अन् नीट बोलजो.

मी शांत हाय असं तू लिहिलं. ठीक हाय.

तुह्या मामा,
वासुदेव


सेवाग्राम,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजी,

आयोगात तक्रार दाखल होऊन आता बरेच दिवस झाले. काजल माझ्याकडे येऊन दोन रात्री राहिली. आधी मीच तिची माफी मागितली. तिनं शपथपत्र दिलं. तिनं विकलेल्या गाड्यांची माणसं तिला तोंडपाठ आहेत. आम्ही दोघी रविवारी स्कूटी काढून एकेकाच्या घरी गेलो. देवळीचे एक मास्तर, हिंगणघाटचा कापडवाला, आमच्याच दवाखान्यातल्या एक सिस्टर. सगळ्यांकडे तेच कार्ड, आणि कंपनीला विचारलं तर कोणाचीच नोंद नाही. त्या सिस्टरनं कार्ड देवघरात ठेवलं होतं, गाडीच्या फोटोजवळ. नोंद नाही म्हटल्यावर तिनं ते तिथून काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी पण येते तुमच्यासोबत."

हे रजतशेठच्या कानावर गेलं असणार. परवा त्याचा वकील शरयू मॅडमकडे आला. गिअरबॉक्स नवा टाकून देतो, भरलेले पैसे आणि वर नुकसानभरपाई देतो. अट एकच. आम्ही तक्रार मागे घ्यायची आणि कुठे काही बोलायचं नाही. काजलचं काय, तर तिच्याबद्दल एक अक्षर लिहून देणार नाहीत.

मामाजी, खरं सांगू? मी थकले. साकेत म्हणतात, "घे आणि मोकळी हो. कोर्टकचेरीत तुझं वजन बघ किती उतरलं." काजलला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तुमची मर्जी मॅडम," आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं, पण मला वाटतं मामीसुद्धा हेच म्हणाली असती की सोड आता. ती शांतपणे झोपेत गेली हे तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून माझ्याही मनातलं बरंचसं निवलं आहे. रविवारी सही करावी म्हणते. तुमचं काय मत?

तुमची,
नमी


कारंजा (घाडगे),
२६ फेब्रुवारी २०२५

नमी,

सही करू नको.

हे पत्र मीराबाईच्या जावयाजवळ देऊन राह्यलो. तो उद्या वर्ध्याले येते, तुह्या हातात देईल.

मी तुले खोटं लिहिलं होतं. लीला झोपेत नाई गेली. ते जागी होती, पूर्ण शुद्धीत होती. दम लागत होता तरी विचारे, "नमी आली का?" मी म्हणो, आर्वीले पोचली. मग थोडं थांबून विचारे, "आता?" मी म्हणो, तळेगावले आली. तुह्या फोन लागत नव्हता अन् मी गावं सांगून राह्यलो होतो. तळेगाव मी तिले तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिनं माह्याकडे पाह्यलं. तिले समजलं होतं.

डॉक्टर म्हणे आडवं करा. तिनं नाई ऐकलं. म्हणे, मले दाराकडं तोंड करून बसवा. मी तिच्या पाठीले टेकन देऊन बसलो. ते दाराकडं पाहत गेली.

तुले सांगितलं असतं तर तू जन्मभर जळत राह्यली असती, म्हणून नाई सांगितलं. मी एकटा जळून राह्यलो, ते चाललं असतं. पण आता तू त्याले सोडाले निघाली. माह्या खोट्यामुळं तू त्याले सोडाले निघाली, हे मले सहन होत नाई.

मी शांत नाई हाय. बागेत जाऊन मी काय करतो तुले माहीत नाई. त्या माणसाले मी अजून पाह्यलं नाई, तरी रोज त्याच्यासंग बोलतो.

त्याच्या पैशाचं तुले जे करायचं ते कर. काजलचं नाव त्यानं चारचौघात साफ करून द्यावं. अन् माह्यी एक अट लिही. गाडी त्यानंच आणून द्यायची. ड्रायव्हर नाई, मॅनेजर नाई. वर्ध्यावरून खरांगणा, आर्वी, तळेगाव, त्याच रस्त्यानं स्वतः चालवत आणायची अन् माह्या अंगणात उभी करायची. तो माह्यासमोर बसला पाह्यजे.

तू त्या दिवशी येऊ नको. तू असली तर मले बोलता येणार नाई.

वासुदेव


सेवाग्राम,
२० एप्रिल २०२५

ती. मामाजी,

तुमचं पत्र वाचलं. साकेतना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि सहीचा विषय पुन्हा काढला नाही. तुमचा राग आला का, तर हो, आला. मग तुम्ही तिला गावांची नावं सांगत बसला होतात ते डोळ्यांसमोर आलं आणि तुमच्यावरचा राग गेला. जो उरला तो सगळा एकाच माणसाचा आहे.

आम्ही शेठच्या वकिलाला नकार कळवला. देवळीच्या मास्तरांनी, सिस्टरनं, कापडवाल्यानं, सगळ्यांनी आपापल्या तक्रारी टाकल्या आणि कंपनीला कळवलं. कंपनीची माणसं येऊन शोरूममध्ये कागद तपासत बसली. एजन्सी जाते की काय अशी पाळी आल्यावर शेठचा आवाज खाली आला. आता समझोता तोच मागत होता, आणि सगळ्यांशी.

गेल्या आठवड्यात मध्यस्थीसाठी बसलो. पैसे सगळ्यांना द्यायचे आणि माझ्या गाडीला नवा गिअरबॉक्स टाकायचा हे लवकर ठरलं. मग काजल. त्यानं लिहून आणलं होतं की गैरसमजातून तिचं नाव आलं. काजल म्हणाली, "गैरसमज नाही. खोटं बोललो, असं लिहा." त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं मान हलवली. शेठनं लिहिलं आणि खालच्या आवाजात वाचून दाखवलं. काजल म्हणाली, "ऐकू नाही आलं." त्यानं पुन्हा वाचलं. ती पूर्ण वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या कागदाची प्रत ती पुलगावला त्या पोरावाल्यांच्या घरी देऊन आली. ते पुन्हा तयार झाले. तिनं नाही म्हणून सांगितलं आणि परत आली.

शेवटी तुमची अट. त्याचा वकील हसला. म्हणाला, आयोग असा हुकूम देत नसतो. शरयू मॅडम म्हणाल्या, "हुकूम नकोच आहे. दोघांना कबूल असेल तर लिहायचं, नसेल तर केस चालू द्या." शेठनं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग मला विचारलं, "म्हातारा मारणार तर नाही ना मला?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यानं सही केली. मेच्या दुसऱ्या रविवारी येईल. मी तुमचं ऐकते, येत नाही. पण झालेलं सगळं लिहा, काही लपवू नका.

तुमची,
नमी


कारंजा (घाडगे),
१२ मे २०२५

चि. नमी, अनेक आशीर्वाद.

काल तो आला. काही लपवत नाई.

दुपारच्या उन्हात आला. मागं त्याच्या माणसाईची दुसरी गाडी होती, ते रस्त्यावर थांबली. तुह्यी गाडी त्यानं अंगणात आणून उभी केली अन् उतरला. पांढरा शर्ट, घामानं पाठीले चिकटलेला. इकडंतिकडं पाहे, माणसं जमवली असतील असं त्याले वाटलं असल. मी कोणाले बोलावलं नव्हतं. मीराबाई तेवढी ओसरीवर गहू निवडत होती.

मी बस म्हटलं. तो खुर्चीवर बसला. बोलायचं म्हणून म्हणे, "काका, आरामात आलो. गाडी मस्त चालून राह्यली."

मी म्हटलं, "हो. मस्तच चालाले पाह्यजे होती."

मग मी त्याले सांगितलं. लीला कोण होती, तू कोण, त्या दिवशी ते कुठं बसली होती अन् काय विचारत होती. तळेगाव तीनदा सांगितलं ते बी सांगितलं. शिवी नाई देल्ली, आवाज नाई चढवला. रोज बागेत बोललो होतो तेच बोललो, फक्त आता समोर माणूस होता.

मले वाटलं होतं, तो रडल नाई तर भांडल. दोन्ही नाई. सगळं ऐकून म्हणे, "चूक झाली काका." दुकानदार सुटे नाईत म्हणते ना, तसं म्हटलं. अन् खिशातला फोन काढून पाह्यला.

नमी, तेव्हा माह्या अंगात काय झालं मले सांगता येत नाई. हात उचलला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. मी मांडीवर हात दाबून बसलो.

मग तो उठता उठता म्हणे, "काका, थोडं पाणी भेटल का?"

मीराबाई गव्हाचं सूप खाली ठेवून उठली. मी तिले हातानं खाली बसवलं. अन् त्याले म्हटलं, "नाई."

तो हसला. त्याले वाटलं, घरात पाणी भरलं नसल. म्हणे, "माठ तर आहे ना."

मी म्हटलं, "माठ हाय. पाणी बी हाय. तुले नाई."

या घरात असं कधी झालं नव्हतं. मीटरवाला येवो, मत मागणारा येवो, बांधासाठी माह्यासंग भांडणारा येवो, लीला आधी पाणी देई. ते असती तर तिनं याले बी आधी पाणी देल्लं असतं, मग काय बोलायचं ते बोलली असती. पण ते नाई. मी होतो.

तेव्हा त्याले समजलं. कागदावर खोटं बोललो असं लिहिताना त्याचा चेहरा कसा झाला, तू पाह्यलं. काल पाण्याले नाई म्हटल्यावर कसा झाला, ते मी पाह्यलं. त्यानं मीराबाईकडं पाह्यलं. तिनं खाली पाह्यलं. त्यानं किल्ली खाटेवर ठेवली अन् गेला. फाटकापाशी एकदा थांबला. मी बोलावलं नाई.

मीराबाई माह्यावर चिडली हाय. म्हणे, वहिनीच्या दारातून माणूस तहानलेला गेला, हे बरं नाई झालं. आज तिनं भाकर नाई पाठवली. मीच करून खाल्ली, करपली.

तू विचारशील, मामाजी, वाईट वाटलं का. नाई वाटलं. त्याची गाडी रस्त्यानं निघून गेली, तो आवाज बंद होईपर्यंत मी बसून राह्यलो. मग उठलो, माठातून गिलास भरला अन् अंगणात उभा राहून सगळं पाणी पेलो.

तुह्यी गाडी इथं हाय. येऊन घेऊन जाजो.

तुह्या मामा,
वासुदेव